विचारल्याशिवाय टाकायचं नाही

मंगळवार, संध्याकाळ

बोट एंटरवर होतं, तेच सारखं आठवतंय.

संगणकात मी माझी स्वतःची आज्ञा बनवली. नुसतं 'avar', म्हणजे 'आवर', लिहायचं, की डाउनलोड्समधला सगळा पसारा कायमचा साफ. कुणी शिकवलं नाही, वाचून वाचून जमवलं. हौसेने सुनंदाला दाखवायला बोलावलं.

"न विचारता टाकणार? एवढ्याशा खोलीत मी तुमची एक वायर तरी न विचारता टाकली का हो?" आणि मग एकदम, "अहो, बाबांची रेकॉर्डिंगं!"

मोबाइल भरला म्हणून तिच्या वडिलांचे आवाज तिने कालच संगणकावर उतरवले होते, त्याच डाउनलोड्समध्ये. मोबाइलमधून काढूनही टाकले होते. बाबा जाऊन वर्ष होत आलं. आणि माझं बोट एंटरवर!

इतका काटेकोर मी, मला हे सुचू नये? आज्ञेत दोनच अक्षरं वाढवली. आता प्रत्येक फाइल काढण्याआधी ती विचारते. ही अक्कल सुनंदाची, हे इथे तरी लिहून ठेवतो.

मग दोघांनी बाबा ऐकले. गिरणीत मागांच्या खडखडाटात जन्म गेला, म्हणून घरातही ओरडूनच बोलायचे. मी आवाज कमी करायला गेलो, तर तिने हात धरला.

"राहू दे ना."

राहू दिला.