बाबा, तुमचा पाय मापायचा राहून गेला

प्रिय बाबा,

जय भीम.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहिणार तरी कशाला? एका घरात राहिलो, एका ताटलीतले भुईमुगाचे दाणे खाल्ले. शिवाय माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. 'कोंबडी चालून गेली काय रे वहीवरून?' असं तुम्ही विचारायचात. आज त्याच कोंबडीच्या पायांनी लिहितो आहे. गॅरेज उघडलं आहे, पण काम हाती घेतलेलं नाही.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आणि पत्र आत्ता का? कारण मागच्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली. तुम्ही दोन वर्षं माझ्याशी खोटं बोलत होतात बाबा! पंचशील शिकवणारा माणूस, वस्तीतल्या पोरांना खोटं बोललं म्हणून विहारात उभं करणारा माणूस, आणि रोज सकाळी साडेसातला माझ्याच डोळ्यांदेखत खोटं?

मी रागावलो आहे. तुमच्यावर थोडा, माझ्यावर फार.

तुमची ती छोटी स्कूटर. तिला तुम्ही बकरी म्हणायचात. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यावर घेतलेली, साठ सीसीची, आवाज शिलाई मशीनसारखा. रोज सकाळी तिच्यावर बसून तुम्ही गावाबाहेरच्या विहारात जायचात. झाडझूड करायची, बोधिवृक्षाच्या रोपाला पाणी घालायचं, तिथं जमणाऱ्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचा आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं. तीन किलोमीटरचा रस्ता आणि शेवटी तो चढ.

चढावर बकरीचा जीव जायचा. मग तुम्ही खाली उतरायचात, इंजिन चालू ठेवून थोडा एक्सलेटर द्यायचात आणि तिच्या बाजूनं चालायचात. तुम्ही पायी, गाडीही पायी! वाटेत कोण भेटेल त्याच्याशी बोलत बोलत वर पोचायचात. अख्ख्या दारव्ह्यानं ते दृश्य पाहिलं होतं.

आणि अख्खं दारव्हा मला चिडवायचं. 'काय मिलिंद मिस्त्री, लोकाच्या गाड्या उडवता अन् बापाची गाडी बाप ढकलून राह्यला?' चहाच्या टपरीवर असं कोणी बोललं की मी हसायचो. पण आतून झोंबायचं बाबा. खरं सांगतो, तुमचे पाय दुखत असतील हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. माझं नाव खराब होतंय, हाच आला होता.

म्हणून मी ते केलं. एका अपघातातल्या स्कूटरचं सव्वाशे सीसीचं इंजिन मला भंगारात मिळालं, चांगलं ठणठणीत. तुम्ही आईला घेऊन नागपूरला मामाकडे गेला होतात. तेवढ्या आठ दिवसांत मी बकरी फाडली. जुनं इंजिन उतरवलं, चेसिसला नवी पट्टी वेल्ड केली, सीटखालचा पत्रा कापला, पुढचा ब्रेक मोठा बसवला, टायर नवे, मीटरसुद्धा नवा. इंजिन मोठं म्हणून शॉकअप लांब टाकावे लागले आणि सीट चार बोटं वर गेली. एक एक गोष्ट मी मापून केली. सुताचाही फरक ठेवला नाही. असं काम मी आजवर दुसरं केलेलं नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा गाडीला हार घालून ठेवला होता. आठवतं? तुम्ही दोनदा तिच्याभोवती फिरलात आणि म्हणालात, "अरे बाप्पा! बकरीच्या पोटात बैल घातला तुनं!"

मग विचारलंत, "गाडीच्या कागदावर चढवलं काय हे इंजिन?"

"कोण पाह्यते बाबा?" मी म्हणालो.

"कोणी पाहो का न पाहो," एवढंच तुम्ही बोललात. आणि मग, "जुनं इंजिन कुठी हाय?"

"देलं भंगारात. कायले पाह्यजे?"

तुम्ही किल्ली लावलीत आणि चौकापर्यंत जाऊन आलात. परत आलात तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता. थांबताना एका पायाच्या चवड्यावर तोल सांभाळत, गाडी तिरपी करून उभे राहिलात. मी काय म्हणालो माहीत आहे? "बाबा, आता हिरोसारखे उभे राह्यता!"

तुम्ही हसलात. "फर्स्ट क्लास झाली," म्हणालात.

मी मेकॅनिक आहे बाबा. गाडी कानानं ओळखतो. आणि माझ्यासमोर माझ्या बापाची टाच जमिनीला टेकत नव्हती, ते मला दिसलं नाही!

त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी साडेसातला तुम्ही बकरी बाहेर काढायचात. मी दात घासत दारात उभा असायचो. 'जाऊन येतो' म्हणून तुम्ही भुर्रकन वळणावर दिसेनासे व्हायचात. मला वाटायचं, पाहा, म्हातारा कसा तरुण झाला! टपरीवरचे लोकही गप्प झाले होते. 'मिस्त्रीनं बापाले रॉकेट देलं,' म्हणायचे. माझी छाती फुगायची.

आई कधी कधी रात्री तुमच्या पायांना तेल लावायची आणि विचारायची, "गाडीवर जाता, तं पाय काहून दुखते?" तुम्ही म्हणायचात, "वय झालं वं." मी ऐकायचो आणि मोबाईल पाहत बसायचो.

मग तो मे महिना. विहारातून परत येताना, अकराच्या सुमारास, रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली लोकांना तुम्ही बसलेले दिसलात. डोक्याला दुपट्टा होता. कोणी पाणी पाजलं, कोणी ऑटो आणला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. नर्सबाईंनी तुमच्या खिशातल्या वस्तू माझ्या हातात दिल्या. चष्मा, विहाराची किल्ली आणि एक कांदा. ऊन लागू नये म्हणून आईनं सकाळी टाकलेला. तो कांदा घेऊन मी किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही.

सगळे एकच विचारत होते, 'गाडी होती ना? मंग चालत कसे?' संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीचे नारायणकाका बकरी ढकलत घेऊन आले. मान खाली घालून म्हणाले, "पंक्चर झालती. माह्याकडे उभी करून गेलते सकाळी." मी मान हलवली. आईनं गाडीवर ताडपत्री टाकली. वर्षभर ती कोणी उचलली नाही.

मागच्या आठवड्यात दिग्रसकडचे एक गुरुजी गॅरेजवर आले. त्यांच्या वडिलांचीही तशीच छोटी स्कूटर. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या बाबाच्या गाडीसारखं मोठं इंजिन बसवून द्या. म्हाताऱ्याले सांगतलं नाही. एकदम दाखवाचं हाय." त्यांना वेल्डिंगची पट्टी दाखवावी म्हणून मी घरी नेलं आणि ताडपत्री उचलली.

मीटरवर नजर गेली. चारशे किलोमीटरसुद्धा नव्हते! दोन वर्षांत हजारो व्हायला पाहिजे होते. म्हटलं, मीटर बिघडला असेल. चाक फिरवून पाहिलं, मीटर चालू. टायर पाहिले. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते कडेला तसेच होते. मग मी मागची ट्यूब काढली, पाण्यात बुडवली. पुढची काढली, तीही बुडवली. एक बुडबुडा आला नाही बाबा. पंक्चरचा एक जोडसुद्धा नव्हता.

मी गुरुजींना तसंच उभं ठेवून चक्कीवर गेलो. नारायणकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा बंद केला.

"काका, पंक्चर नव्हती," मी म्हणालो.

"नव्हती," ते म्हणाले. "बस इथी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिसऱ्याच दिवशी तुम्ही विहाराच्या चढावर गाडी थांबवायला गेलात, पाय पोचला नाही आणि गाडी अंगावर आली. दोन्ही गुडघे फुटले. घरी आम्हाला तुम्ही न्हाणीत घसरलो म्हणून सांगितलं होतं! त्या दिवसापासून तुम्ही फक्त वळणापर्यंत गाडीवर जायचात, चक्कीमागे ती उभी करायचात आणि पुढे पायी; वाटेत कोणी विचारलं तर 'आज पंक्चर आहे' म्हणायचात. जाणं तीन, येणं तीन. गाडी असून परतायला उशीर कसा झाला, असं मी विचारू नये म्हणून तासभर आधी निघायला लागलात. मला वाटलं, नव्या गाडीचा हुरूप आहे.

"मी म्हटलं, पोराले सांगून टाका ना," काका म्हणाले. "तं म्हणे, 'आठ दिवस खपून बनवली त्यानं. साऱ्या गावाले दाखवते. मी कोणत्या तोंडानं सांगू का मले भेव लागते?'"

भीती वाटते, हे सांगायला माझी भीती वाटली तुम्हाला? बाबा, मी कोण होतो हो?

काकांनी आतून कापडी बुटांचा जोड आणला. तुमचे चालायचे बूट. चप्पल चक्कीवर काढून हे घालायचात म्हणे. तळवे पार गेलेले, आत पुठ्ठा कापून घातलेला. आणि मग कोपऱ्यातल्या पोत्याखालून ते काय ओढत होते, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

बकरीचं जुनं इंजिन! तुम्ही ते भंगारवाल्याकडून परत आणलं होतं, तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळून, ऑइल लावून, तोंडात चिंधी कोंबून ठेवलं होतं.

"म्हणे, 'मिलिंदाले सवड भेटली का म्हणीन, बाबू, हे परत बसवून दे,'" काका म्हणाले.

सवड! तेव्हा मला ती दुपार आठवली. तुम्ही गेलात त्याआधीच्या पोळ्याजवळची. तुम्ही गॅरेजवर आलात, त्या टायरच्या ढिगावर बसलात. तासभर बसलात. मी तीन गाड्या मोकळ्या केल्या, चौथी घेतली. तुम्ही म्हणालात, "मिलिंद, एक सांगाचं होतं." आणि मी गाडीखालूनच म्हणालो, "बाबा, गर्दी हाय. घरी बोलू." रात्री जेवताना विचारलं, तर म्हणालात, "काही नाही रे. विसरलो."

तुम्ही विसरला नव्हतात. तुमच्या बकरीवर असतात, तर त्या मे महिन्यात दहा मिनिटांत घरी पोचला असतात. हे मला कोणी म्हणालं नाही. आई नाही, काका नाही. पण मीच मला म्हणतो, रोज.

थोडी तक्रार मात्र करू द्या. एक शिवी घालायची होती मला! 'गाढवा, माझे पाय पुरत नाहीत' एवढं म्हणायचं होतं. मी दोन दिवस फुगलो असतो, तिसऱ्या दिवशी पाना घेतला असता. पोराचं मन राखायला कोणी सहा किलोमीटर चालतं का हो?

काल मी तुमचं इंजिन परत बसवलं. माझी पट्टी कापून टाकली, सीट खाली आणली. तिसऱ्या किकला सुरू झालं. तोच शिलाई मशीनचा आवाज. आई आतून म्हणाली, "आले वाट्टे," आणि मग कितीतरी वेळ बाहेरच आली नाही.

आज सकाळी विहारात गेलो. चढ आला, बकरी दमली. मी उतरलो आणि तिच्या बाजूनं चालायला लागलो. पहिल्यांदाच चालत होतो त्या चढावर. दोन माणसं थांबून बोलली. एकानं तुमची आठवण काढली. विहाराचं कुलूप तुमच्या किल्लीनं उघडलं. रोप माणसाच्या उंचीचं झालं आहे.

त्या गुरुजींना मी निरोप धाडला आहे: काम करतो, पण पहिले तुमच्या बाबांना घेऊन या. त्यांना विचारतो, कुठे जाता, कसे जाता, कुठे उतरता. आणि बाबा, तुम्हाला वचन देतो. यापुढे माझ्या गॅरेजातून गाडी बाहेर पडेल ती चालवणाऱ्याला तिच्यावर बसवूनच. त्याचे दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले मी वाकून, डोळ्यांनी पाहीन. मगच किल्ली देईन.

टायरचा ढीग तिथेच आहे. मी आता गाडीखाली नाही, त्याच्यासमोर स्टुलावर बसलो आहे. आज गर्दी नाही, बाबा. काय सांगायचं होतं?

तुमचा,
मिलिंद