नाताळबाबाची परीक्षा

ॲशकोम,
डिसेंबर १९३४

प्रिय लॅम्बर्ट,

पाय अजून टांगलेलाच आहे ना? राहू दे. ओल्या पानांवरून सायकल हाकताना गोष्टीतल्या राक्षसांची नावं शोधत बसणाऱ्या लेखकाला देवाने एवढी शिक्षा केली, तर मी देवाशी भांडायला जाणार नाही. इस्पितळाच्या चादरीवर शाई सांडलीस, तेही मला कळलंय. पण नाताळबाबाच्या नावाने मुलांना लिहितोस ते यंदाचं पत्र मात्र झकास रंगवलंयस हो! चित्रातला टपालाच्या पिशवीत अडकलेला तो वॉलरस पाहून आपला क्रिस्पिन, सगळं गुपित ठाऊक असूनही, खिदळत सुटला, आणि म्हणे मी आता बारा वर्षांचा मोठा माणूस! फक्त मधली जागा तू कोरी ठेवलीस आणि मला लिहिलंस, टिलीने काय मागितलंय ते ताबडतोब कळव. ताबडतोब म्हणे! ऐक आता.

नाताळच्या आधी दरवर्षी येतात तसे मिस्टर हॅगेट धुराडं साफ करायला आले. दिवाणखान्याच्या धुराड्यात यंदा नवाच, जास्त लांब ब्रश घातला, आणि काजळीच्या ढिगाबरोबर खाली काय पडावं? मुलांनी नाताळबाबाला म्हणून वर सोडलेली पत्रं! आपल्याला वाटायचं जळून जातात. कसली जळतायत, आत कुठल्याशा कपारीत नुसती करपत बसली होती. टिलीने आपल्या अक्षरातलं एक उचललं आणि म्हणाली, "म्हणजे त्याला मिळालीच नाहीत!" मी उगाच काजळी गोळा करायला लागले. क्रिस्पिन खिडकीबाहेर बघायला लागला. बिचारे हॅगेट टोपी काढून उभे राहिले, घरात कुणी गेल्यासारखे.

बाईसाहेबांनी मात्र विचार केला. सात वर्षांची आहे, पण बाप तशी लेक. "उत्तरं तर आली की! बाहुलीचं घर मागितलं, ते पण बरोबर आलं. म्हणजे त्याला कागद लागतच नाही. मग यंदा मी लिहिणारच नाही. नुसतं धुराड्यात पुटपुटणार. खरा असेल तर कळेल त्याला." दरवर्षी पत्र वर सोडण्याआधी ती तुला मोठ्याने वाचून दाखवते, आणि तू पाइप ओढत ऐकतोस, हे तिच्या लक्षातच आलं नाही. देवाची कृपा, दुसरं काय.

तेव्हापासून तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. नाताळचं पुडिंग ढवळताना रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मनातल्या मनात इच्छा धरली, तेव्हा मी हळूच विचारलं, तर मान फिरवली. क्रिस्पिनने आपली सगळ्यात सुंदर गोटी देऊ केली. "लाच देतोस?" म्हणाली. मग तुझी बहीण हेस्टर आली. "मला सांग गं राणी, मी पोचवते त्याला निरोप." तर आपली कन्या म्हणते, "आत्या, तू काय त्याची कारकून आहेस?" हेस्टरचा चेहरा तू बघायला हवा होतास. चहासुद्धा न घेता गेली.

हसत होते मी, पण खरं सांगते, मला धास्ती वाटत होती. बाहुली काय, दुकानातून आणता येते. पण उत्तर चुकलं असतं ना, तर ही पोर रडली नसती, भांडली नसती, नुसती समजूतदार झाली असती. आणि मला एवढ्यात समजूतदार मुलगी नको आहे, लॅम्बर्ट.

काल संध्याकाळी वरच्या खोलीत चादरी घड्या करत होते. तिथली शेकोटी थंडच असते, खालचीही अजून पेटवली नव्हती, आणि धुराडं तेच ना. काजळी निघाल्यामुळे खालचा आवाज स्पष्ट वर येत होता. मी गुडघ्यांवर बसून सरळ डोकंच आत घातलं. केसांचं काय झालं ते विचारू नकोस. खाली टिली बोलत होती.

"नाताळबाबा, मी टिली. परत आठवण करून देतेय. मला काही नको. माझ्या डॅडीला एक पत्र पाठव. आमची आली की तो बाजूला उभा राहून बघतो. त्याला कध्धीच येत नाही. मोठा झाला तरी तो चांगलाच वागतो, पाय मोडला तेव्हासुद्धा रडला नाही. लांबलचक पाठव हं, त्याला तिथे कंटाळा येतो. आणि चित्र काढ."

मी तिथेच काजळीत बसून रडले, आणि मग एकटीच हसत सुटले.

तर कोऱ्या जागेत लिही, 'तुझ्या डॅडीला पत्र पाठवलं.' पण तिला खोटं सांगितलेलं मला चालणार नाही, आणि तूच तुला पत्र लिहिणं म्हणजे स्वतःच स्वतःची पाठ थोपटणं. नाताळबाबा सध्या कामात गढलाय, म्हणून हे काम त्याने माझ्यावर टाकलं. आलं का ध्यानात, मी आज एवढी लांबण का लावली ते? खाली चित्रही काढलंय. टांगलेला पाय तुझा. शेजारी नाताळबाबा उभा आहे, क्रिस्पिन म्हणतो बूट घातलेलं बटाट्याचं पोतं आहे. असू दे. त्या पोत्याने तुला विचारलंय, लॅम्बर्ट, या नाताळला तुला काय हवंय? आजवर कुणी विचारलंच नाही रे तुला. उलट टपाली कळव.

तुझीच, आणि यंदापुरती त्याचीही हस्तक,
म्युरिएल