वाघाच्या पायाचं टाकं

अब्बा, ते वाघाच्या पायाचं टाकं खरंच आहे. काल पाहिलं मी. खामगावच्या शेठजींच्या हवेलीत, खालच्या मजल्यावर, न्हाणीघरात. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, माणूस आडवा झोपेल एवढं लांब, आणि खाली चार पंजे, नखांसकट. तुम्ही सांगायचात अगदी तसंच. फक्त नखं सोन्याची आहेत म्हणायचात, ती पितळेची निघाली. तेवढं चालतं. एवढ्या वर्षांनी तेवढं माफ.

तुम्हालाच लिहायला बसले, कारण दुसऱ्या कोणाला सांगू? वरवट बकालमध्ये या टाक्यावर जे पोट धरधरून हसले, त्यांतले निम्मे आता नाहीत. संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसून हवेलीचं सुरू केलंत की कोणीतरी हमखास विचारायचं, "काहो चाचा, टाक्याले पाय हायेत, तं मंग ते सोताच नदीवर जाऊन पानी भरून आनते का?" तुम्ही चिडायचं सोडून त्यांच्याबरोबर खो खो हसायचात आणि पुढचं सांगायला लागायचात. हवेलीत ऊन लाल-हिरवं पडतं. "शेठ उनाले रंग देते का?" पुन्हा हशा. बागेतल्या हौदात कमळाचं एकेक पान आपल्या पिठाच्या परातीपेक्षा मोठं, त्यावर बगळा उभा राहतो. "बगळा काऊन, म्हैस बसवा चाचा." असं चालायचं. मी आतून ऐकत असायची आणि मला सगळं खरं वाटायचं. रात्री डोळे मिटले की ते टाकं आपल्या गल्लीतून चालत यायचं.

पण सगळ्यांत शेवटी, न चुकता, तुम्ही त्या झोपेवर यायचात. माझ्या जन्माआधीची गोष्ट. शेठजींच्या मुलीचं लग्न निघालं होतं आणि गाद्या करायला तुम्हाला बोलावणं आलं. घरात पिंजलं तर कापूस उडून झुंबरात बसेल, म्हणून महिनाभर बागेतल्या बकुळीखाली तुमची पिंजण चालली. शेवटच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मोठ्या पलंगावर तुम्ही गादी घातलीत आणि शेठाणी म्हणाल्या, झोपून दाखवा बरं, कशी झाली ते कळू द्या. तुम्ही आडवे झालात आणि उन्हं कलेपर्यंत उठलाच नाहीत. शेठजींच्या स्वतःच्या पलंगावर! एक पिंजारी! टाकं लोकांनी हसून सोडलं, पण ही झोप गावात कोणालाच पचली नाही. अम्मीला तर मुळीच नाही.

"अजी, लोकाईच्या वसरीत बसाले जागा भेटत नाही, अन तुमाले पलंग भेटला?" ती चुलीपुढून ओरडायची. "थापा मारा, पन घरात. बाहीर लोक हासतात तुमच्यावर, समजत नाही का?" खरं सांगू, ती थापांवर चिडायची नाही. तिला ते हसणं सहन व्हायचं नाही. दुसऱ्या कोणी तुम्हाला थापाड्या म्हणण्याआधी ती स्वतः म्हणून मोकळी व्हायची. पण हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला फक्त एवढंच दिसायचं, की सगळं गाव एका बाजूला, अम्मीही त्याच बाजूला, आणि तुम्ही एकटे दुसऱ्या बाजूला मजेत विडी ओढताय.

मग ते कापसाचं पाकिटातलं बियाणं आलं. पहिल्या वर्षी बोंडअळीचं नाव नाही, पऱ्हाटीला पानांपेक्षा बोंडं जास्त, सगळं गाव खूश. बघता बघता देशी कापूस औषधालाही मिळेना. तुम्ही नवी रुई चिमटीत धरून उजेडात पाहिलीत आणि म्हणालात, "दिसाले लय देखनी हाये. पन गादीत बसते." देशी कापसाची गादी पुन्हा पिंजली की नव्यासारखी फुगून उठायची, ही एकदा दबली की दबलीच. पण तुमचं ऐकायला वेळ कोणाला होता? त्यानंतरची वर्षं आठवली की अजूनही नको वाटतं. पाऊस दगा देत गेला, अळी परत आली, फवारणी वाढली, भाव पडले. घराघरात आढ्यापर्यंत कापूस रचलेला आणि त्याच्याच शेजारी घरधनी पोत्यावर झोपलेला. विकायचा कापूस गादीत कोण घालणार? पिंजाऱ्याला कोण हाक मारणार? बाजारात फोमच्या गाद्या आल्या आणि तुमची पिंजण भिंतीवर लटकली ती लटकलीच.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मी विसरत नाही. ओट्यावर रोज येणाऱ्यांपैकी एकानं आदल्या आठवड्यात फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता. तोच, जो म्हैस बसवा म्हणायचा. त्यानंतर पहिल्यांदाच माणसं पुन्हा येऊन बसली होती. एकजण म्हणाला, "चाचा, हवेलीचं सांगा ना." तुम्ही टाक्यापासून सुरुवात केलीत, उन्हाचे रंग सांगितलेत, कमळाचं पान सांगितलंत, आणि हळूहळू त्या पलंगापर्यंत आलात. कोणीही हसलं नाही. तुम्ही झोपेचं सांगत होता तेव्हा ती मोठी मोठी माणसं लहान पोरांसारखी तोंडाकडे पाहत होती. आत अम्मीच्या हातातली भाकरी थांबली होती. त्या रात्री ती तुम्हाला काही बोलली नाही. पण खरं आहे, असंही म्हणाली नाही. पुढच्या हिवाळ्यात तुमची छाती भरली आणि तुम्ही गेलात, तेव्हाही ते तिच्या ओठावर आलं नाही.

म्हणून हवेलीचं संग्रहालय झालं, बाग लोकांसाठी उघडली असं पेपरात वाचलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच. अम्मीला तिथं न्यायचं. तुम्ही थापाड्या नव्हता, हे तिच्या तोंडून ऐकायचं. बाकी मला काही नको होतं. पण ती कुठली ऐकते!

"मले नाही याचं तिकडं. खोटं निंघालं तं?"

"आणि खरं निघालं तर?"

"मंग तं जास्तच वाईट," ती म्हणाली आणि पाठ करून झोपली.

शेवटी यंदा मी शिकवते त्या संग्रामपूरच्या शाळेची सहल तिकडे ठरली, तेव्हा सातवीच्या पोरींबरोबर मी तिलाही गाडीत बसवलं. पोरींनी 'आजी चला, आजी चला' करून तिचा नाइलाज केला. शेगाव सोडेपर्यंत ती खिडकीकडंच तोंड करून बसली.

अब्बा, तुम्ही कमीच सांगितलं होतंत. फाटकातून आत शिरलो आणि आमच्या पोरी, ज्या वर्गात माझा घसा बसवतात, त्या आपोआप कुजबुजायला लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं, तरी दारात सगळ्यांनी चपला काढल्या. आत पाऊल टाकलं आणि लाल-हिरव्या-पिवळ्या उन्हाचे तुकडे फरशीवर पडलेले! खिडक्यांना रंगीत काचा आहेत, अब्बा, छतापर्यंत उंच. पोरी त्या उन्हात ओंजळी धरून उभ्या राहिल्या, कोणाचा हात लाल, कोणाचा हिरवा. मला शाळा, सहल, हजेरी काहीच आठवेना. मी पण हात धरला. माझ्या हातावर पिवळं ऊन पडलं आणि मला रडू फुटलं. वर ते झुंबर, एवढं मोठं की त्याच्याखाली उभं राहायची छाती होत नव्हती. आणि तुम्ही या घरात महिनाभर होता! आपल्या शेणानं सारवलेल्या घरात परत आलात तेव्हा तुमच्या डोळ्यांचं काय झालं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

टाक्यापाशी अम्मी दोरीखालून वाकून बसली. पंजावर हात ठेवला, एकेक नख चाचपलं. "या अल्ला," ती म्हणाली, "याले तं खरंच पाय हायेत व!" आणि जी हसायला लागली ती थांबेचना. पोरीही हसायला लागल्या. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. मला वाटलं, झालं, आता म्हणेल. पण तिनं पदरानं तोंड पुसलं, माझा हात धरून उठली आणि म्हणाली, "टाकं काय, कोनाच्याबी नजरेस पडते. झोपेचं काय?" अशी आहे तुमची बायको.

बागेत हौद आहे, पानं आहेत, परातीपेक्षा मोठीच. बगळा नव्हता. बकुळ मात्र अजून उभी आहे. तिच्याजवळ एका वाफ्यात देशी पऱ्हाटी लावून पाटी ठेवलीय, या भागातला जुना कापूस म्हणून. अम्मी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता तिकीट काढून पऱ्हाटी पाहाची का?" पण तिथून हलेना. पान उलटून मागे अळी आहे का ते बघितलं, एका बोंडातली रुई दोन बोटांत ताणून पाहिली. माळी ओरडला तरी तिनं सोडली नाही. "हेच होतं त्याईच्या हातात," ती हळूच म्हणाली. बकुळीखाली ती इतका वेळ उभी राहिली, की मला पोरींना पुढं पाठवावं लागलं.

वरच्या खोलीत पलंग होता. अब्बा, तो पलंग म्हणजे एक वेगळंच घर आहे! चार खांब, वर लाकडात कोरलेली वेल, चढायला पायरी. गादी आता फोमची घातलीय, वर रेशमी चादर आहे. दोरीच्या अलीकडूनही ते कळतं. तुमची गादी कधीच गेली असणार. गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण मार्गदर्शक मुलींना सांगत होता, हा पलंग परदेशातून बोटीनं आणला, याच्यावर शेठजींशिवाय कोणी कधी बसलंसुद्धा नाही. मी अम्मीकडं बघितलं नाही. मला बघवेना. एवढी वर्षं जे ती म्हणत आली, तेच एका परक्या माणसानं तिच्या तोंडावर सिद्ध करून दिलं होतं. मनात म्हटलं, उगाच आणलं हिला.

"बसलं नसंल कोनी," अम्मी म्हणाली. "झोपलं होतं."

मार्गदर्शक हसला. "कोण, आजी?"

"हिचे अब्बा. माहे मालक. ह्या पलंगाची गादी त्याईनं केली होती. शेठानी म्हने, झोपा. झोपले, दिवस बुडेपर्यंत." पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या. ती खोलीभर नजर फिरवत होती आणि मी तिचा चेहरा ओळखला, अब्बा. तो तुमचा चेहरा होता, ओट्यावरचा. भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, काटे थांबलेले. तिनं तिकडं बोट केलं. "त्याईची झोप मोडू नये म्हनून शेठानीनं हे घड्याळ बंद कराले लावलं. तवापासून कोनी चालू केलं नाही. सोता शेठ खाली थांबला, म्हने कारागीर झोपला हाये, पायाचा आवाज करू नोका."

"आजी, असं कुठं नोंदवलेलं नाहीये," तो बिचारा म्हणाला.

"नसंल. माह्या मालकानं जन्मात कधी खोटं सांगतलं नाही," ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की जिन्यावरची माणसं वळली.

हे ऐकायला मी वीस वर्षं थांबले होते. आणि ती ते म्हणाली कधी, तर स्वतः ढळढळीत थापा मारत असताना! घड्याळाचं तुम्ही कधीच सांगितलं नव्हतं. शेठजी खाली थांबल्याचंही नाही. मला हसावं की रडावं कळेना.

वर्गात खोटं बोललं की मी पोरींना बाकावर उभं करते, ते त्यांना चांगलं माहीत आहे. म्हणून त्यांतली सगळ्यांत आगाऊ पोरगी सरळ माझ्याकडं वळली. "मॅडम, खरं हाये का हे?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. अम्मीही. तिच्या डोळ्यांत असं काही होतं, की मला उत्तर शोधावंच लागलं नाही.

"खरं आहे," मी म्हटलं.

"तुमाले कसं माहीत?"

"मी तिथंच होते. पायथ्याशी बसले होते."

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, अम्मीलाही वाचून दाखवणार नाही. तिच्या लेखी तर आता यात लिहिण्यासारखं नवीन काही नाहीच. पण तुमच्यापाशी एक कबूल करते. परतीच्या गाडीत पोरींनी सगळं पुन्हा सांगा म्हटलं, तेव्हा मी शेठाणीच्या हातात एक पंखा दिला, तुम्हाला वारा घालायला. अम्मी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली. तर मान न वळवता म्हणाली, "चांदीच्या मुठीचा."