सोंग वठलं नाही, बरं झालं

पिंचर्स आर्म,
आठ जानेवारी

प्रिय सेल्बीदादा,

धाकट्या एझ्राचा टोपी काढून नमस्कार. (टोपी लगेच परत घातली. दाराच्या फटीतून वारा येतो आहे, आणि माझा डावा कान तुला माहीत आहेच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर दुर्लक्ष करू नका, आणि थांबला असेल तर एकाएकी का थांबला याचीही चौकशी करा. तुमच्या अल्बर्टात म्हणे उणे चाळीस आहे. आमच्या न्यूफाउंडलंडात तेवढी नाही, पण आमची थंडी ओली, ती हाडांत मुक्कामाला येते. माझी ड्रुसिला ठणठणीत आहे. तिला कधीच काही होत नाही, याचीच मला काळजी वाटते.

मागच्या जानेवारीत मी तुला रडकं पत्र लिहिलं होतं, ते तू फाडलं नसशील तर आता फाड. तेव्हा आपलं केटल बेट सोडून आम्हाला थोडेच दिवस झाले होते. बेट रिकामं करायचं का, या मतदानात सगळ्यांनी हात वर केले (मी अर्धाच केला होता, मोजणाऱ्यानं तो पूर्ण धरला), बोट बंद झाली, वीज तोडली, शेजारीपाजारी पोराबाळांकडे पांगले आणि आम्ही दोघं इथं येऊन पडलो. नाताळच्या बारा दिवसांत इथंही आपल्यासारखीच सोंगं निघतात. एका संध्याकाळी आठ सोंगाडे आमच्या स्वयंपाकघरात शिरले. तोंडावर उशांचे अभ्रे, बायकांच्या अंगात नवऱ्यांचे कोट, नवऱ्यांच्या अंगात बायकांचे झगे, डावा बूट उजव्या पायात, आणि श्वास आत ओढत काढलेले ते चिरके आवाज, ‘ओळखा पाहू, घरधनी!’ आता ओळखणार काय, कपाळ? अभ्रे काढले असते तरी मी त्यांतल्या एकालाही ओळखलं नसतं. मी घाबरून आपल्या बेटावरचीच नावं घेत सुटलो. त्यांतले दोघे वारलेले आहेत, हे ड्रुसिलानं कानात सांगितलं. ओळखल्याशिवाय तोंड उघडं करायचं नाही आणि तोंड उघडं केल्याशिवाय प्यायचं नाही, हा नेम तुला ठाऊक आहे. बिचारे घामानं निथळत उभे राहिले आणि कोरड्या घशानं परत गेले. रम तशीच, केक तसाच. ड्रुसिला भांडी न घासता झोपायला गेली. लग्न झाल्यापासून मी असं पाहिलं नव्हतं.

म्हणून मी तुला लिहिलं, की तुझ्या घराखालची ती खोली आमच्यासाठी ठेव. पुढच्या नाताळातही असेच परके राहिलो तर उरलेले दिवस तुझ्याकडे काढू. तू भला माणूस, खोलीला रंग दिलास, पलंग आणलास, आणि दर फोनवर विचारतोस, ‘एझ्रा, काय ठरलं?’ तर काय ठरलं ते सांगतो, पण क्रमानं. क्रम सुटला की माझी छाती धडधडते.

मी इथं कुणाशी ओळख वाढवायला गेलो नाही. मला आपली काळजी लागायची आणि मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहायचो. तुमच्या पायरीवर शेवाळ आहे, तुमची बकरी उदास दिसते, असं. मे महिन्यात शेजारच्या हेडली पार्डीच्या छपरातून धूर येताना दिसला म्हणून मी बादली घेऊन आत धावलो. ते धुकं होतं, आणि हेडली आंघोळीला बसला होता. (बादली तोवर रिकामी झाली होती.) त्याची बायको विनी इतकी हसली की तिनं मला चहा दिला. हेडलीनं दिला नसता.

ऑगस्टमध्ये मात्र कहर झाला. धक्क्याला बांधलेल्या हेडलीच्या होडीची गाठ मला सैल वाटली. पक्की बांधावी म्हणून मी ती सोडली, आणि तेवढ्यात मला शिंक आली. होडी निघाली समुद्राला. मी इतका ओरडलो की अख्खं गाव धक्क्यावर आलं. चार होड्या तिच्या मागं गेल्या, त्यांतली एक खडकावर बसली, मग तिला काढायला आणखी दोन. दुपारभर सगळं गाव माझ्या नावानं शिव्या देत होतं, आणि दादा, प्रत्येकाची शिवी निराळी होती! कोण लंगडतो, कोण दम लागला की शीळ घालतो, कोण चिडली की कमरेवर उलटे हात ठेवते, सगळं मी तिथं मान खाली घालून ऐकलं आणि पाहिलं. ड्रुसिला त्या सगळ्यांना रात्री मटणाचं गरम सूप देत हिंडली, आणि घरी येताना तिच्याकडे तीन बायकांची भांडी आणि दोघींची गुपितं होती.

आता या नाताळाचं ऐक. पुन्हा सोंगाडे आले, या वेळी अकरा. पहिल्यानं उंबरा ओलांडला आणि मी म्हणालो, ‘ये हेडली.’ दुसरी नुसती कमरेवर उलटे हात ठेवून उभी राहिली आणि मी म्हणालो, ‘विनी, बस.’ पटापट अकराच्या अकरा! अभ्रे उडाले, रम संपली, केकची ताटली पुसून खाल्ली. एक जण म्हणाला, ‘म्हाताऱ्या, तू माणूस आहेस की पोलिसाचा कुत्रा?’ एवढा मान मला बेटावरही कुणी दिला नव्हता.

मग आम्हालाही चेव आला. दुसऱ्या दिवशी मी ड्रुसिलाचा झगा घातला, पाठीला उशी बांधून कुबड केलं, तोंडावर खिडकीचा जाळीचा पडदा. ती माझ्या मासेमारीच्या रबरी कपड्यात, टोपी हनुवटीपर्यंत ओढून. हेडलीच्या घरी शिरलो तेव्हा मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. खोली माणसांनी भरलेली. कुणी काही बोलायच्या आत माझी नजर चुलीकडे गेली. धुराड्याची झडप अर्धवट बंद! मी फक्त एवढंच केलं, की जाऊन ती नीट उघडली. आणि सगळं घर एका आवाजात ओरडलं, ‘एझ्रा!’

मला आधी रागच आला. कुबड बांधायला दुपार गेली होती. पण पडद्याच्या जाळीतून ड्रुसिलाकडे पाहिलं, तर ती टोपी काढून हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि विनी तिला म्हणत होती, ‘अगं, तो आत आला म्हणजे तू मागं असणारच, तुला काय ओळखायचं!’ दादा, मी त्या घरात कुबडासकट नाचलो. कुबड नंतर पुढं आलं, तरी नाचलो.

तेव्हा ठरलं. आम्ही अल्बर्टाला येत नाही. आम्ही इथले झालो.

तुझा विजयी भाऊ,
एझ्रा

ता. क. आता अडचण अशी झाली आहे, की इथं आम्हाला कुणी ओळखायचं राहिलं नाही, त्यामुळे सोंग काढण्यात राम नाही. तुझी चाल या गावात कुणाला ठाऊक नाही. पुढच्या नाताळाला तू आणि वहिनी याच. तुला पुढं घालतो. हेडलीला रडवायचं आहे. विमानात खिडकीजवळ बसू नका.

ता. क. दुसरा. खोली मात्र इतक्यात दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. एक वर्ष राहू दे. गाव आज हसतं आहे, उद्या माझ्या हातून पुन्हा काही सुटलं तर? ड्रुसिलाला हे सांगू नकोस.

भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतं. खोली खुशाल देऊन टाका. हे घाबरायचे ते इथंच घाबरतील, गावाला आता सवय झाली आहे. — ड्रुसिला