आसगावच्या पटात एका शिंगानं

आसगाव,
शनिवार, दुपारची भांडी झाल्यावर

तीर्थरूप लक्ष्मणदादास, धाकट्या विमलाचा वाकून नमस्कार.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का? रत्नावहिनीची कंबर आणि गाभण गाय, दोघींची तब्येत कशी आहे? आम्ही इकडे सगळे बरे आहोत, तू फोन उचलत नाहीस एवढं सोडून. आठ दिवसांत अकरा वेळा लावला. म्हणून दहावीनंतर पहिल्यांदाच पत्र लिहायला बसले आहे. पत्र फोनसारखं कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू ते वाचशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पटात काय झालं ते तुला तुझ्या भूषणनं सांगितलंच असेल. पण पोरगा रागात होता, आणि रागातला माणूस अर्धंच सांगतो. तू प्लास्टर घालून कोंढ्याला पडून होतास, तेव्हा माझ्याकडून पूर्ण ऐक. बैलांच्या शर्यतींवरच्या बंदीमुळे मधली काही वर्षं शंकरपट बंद होता, त्यामुळे आता भरतो तेव्हा जत्रेसारखा भरतो. अर्धे पाहुणे बैल पाहायला येतात आणि अर्धे मुली पाहायला. (आमच्या रंजिताचा तीन मुलांना चहा देऊन झाला. एका मुलाचं सगळं लक्ष बैलांकडेच होतं, तोच त्यातल्या त्यात बरा वाटला.) पटाला आलेल्या पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, ही आपली रीत. माझ्या घरी कोंढ्याचे तेवीस पाहुणे. पहाटेपासून मी चुलीपुढे, आणि रंजिताचे बाबा मचाणावर माइकपुढे. यंदा समालोचन त्यांच्याकडे होतं. घरात पंचवीस वर्षं ज्या माणसाला कोणी बोलू दिलं नाही, त्याच्या हातात पट कमिटीनं चार भोंगे दिले.

सकाळी आपल्या लखन-बादलला मीच ओवाळलं. गावची सून म्हणून सोमाजींच्या जोडीलाही ओवाळलं, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. (तुझ्या जोडीला कुंकू जरा जास्त लावलं, ते कोणी पाहिलं नाही.) सोमाजी पट कमिटीचे अध्यक्ष, आणि आसगावची मानाची जोडी त्यांचीच. मी स्वयंपाकाला परतले तर भोंग्यावरून यांचा आवाज: "कोंढ्याची जोडी म्हणजे जावयाले दिलेला आहेर हो! दिसायले भारी, अन् हातात घेतला का हलका!" सगळं मैदान हसलं. माझ्या ओसरीत बसलेले तेवीस जण हसले नाहीत.

मी चहाचा पेला घेतला आणि तडक मचाणावर चढले. चहा हे निमित्त होतं. यांनी पेला घेताना माइक बाजूला ठेवला, पण बंद केला नाही, आणि ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कोंढ्याचा माल इतका हलका आहे, तं पंचवीस वर्षं तिथल्याच पोरीच्या हातचं काहून खाऊन राहिले तुम्ही?" हे म्हणाले की गंमत केली. मी म्हटलं की तुमची गंमत होते आणि मला तेवीस जणांना तोंड दाखवावं लागतं. शेवटी असंही म्हटलं, "मी खोटं बोलत नाही. माहेरचंही नाही अन् सासरचंही नाही." हे सगळं चारही भोंग्यांतून गेलं. खालून शिट्ट्या वाजल्या तेव्हा मला कळलं. लाजेनं मला खाली उतरवेना, म्हणून तिथेच बसून राहिले.

शेवटच्या धावेला नेमक्या आपली जोडी आणि सोमाजींची जोडी समोरासमोर आल्या. मचाण झेंडीच्या अगदी जवळ. जोड्या सुटल्या, धूळ उठली, ओरडा झाला, आणि दोन्ही जोड्या एकदमच पार झाल्या. झेंडीवर दोन माणसं होती, एक आसगावचा आणि एक कोंढ्याचा. दोघांनी आपापल्या गावाकडे झेंडी केली. वीस जणांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं, वीसही जणांकडे नुसती धूळ आली. मग आवाज चढले. कोणीतरी भूषणची कॉलर धरली, त्यानंही त्याची धरली, आणि मागून काठ्या येताना दिसल्या. सोमाजींना निकाल देता येईना, कारण जोडी त्यांचीच. यांना विचारलं तर हे म्हणाले, "मी गावचा माणूस अन् कोंढ्याचा जावई, माझं कोण मानंल?" तेव्हा गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की मघाशी भोंग्यावर बाई बोलली ना, खोटं बोलत नाही म्हणून, तिलाच विचारा. आणि दादा, माइक माझ्या हातात आला.

मी म्हटलं, "आसगावची जोडी पुढं होती. एका शिंगानं."

कोंढ्याच्या बाईनं कोंढ्याला हरवलं म्हटल्यावर शंका कोण घेणार? ज्यानं भूषणची कॉलर धरली होती, त्यानंच ती नीट केली. डफडी वाजली, ढाल सोमाजींकडे गेली. भूषणनं माझ्याकडे एकदा पाहिलं, जोडी गाडीत चढवली आणि न जेवता निघून गेला. (बाकीचे बावीस जणही रागावले होते, पण ते जेवून रागावले.) त्याचं ते पाहणं अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. यांनी तेव्हापासून पानठेल्यावर एकच लावून धरलं आहे की आमच्या घरच्या बाईसारखी नजर जिल्ह्यात नाही.

वहिनीला नमस्कार, गायीला माझ्या नावानं चारा घाल.

तुझी,
विमला

ता. क. दादा, आता खरं ते लिहिते. मला काहीच दिसलं नव्हतं. उजव्या डोळ्यात दिवाळीपासून मोतीबिंदू आहे आणि डावा त्याच्याच वाटेवर आहे. मला झेंडीपाशी दोन जोड्या नव्हे, एकच लांबलचक बैल दिसला. जवळचं दिसतं, म्हणून हे लिहू शकते. अक्षर मोठं काढलं आहे ते तुझ्यासाठी नाही.

ता. क. दुसरा. भूषणची कॉलर मात्र मला दिसली होती. कोंढा म्हटलं असतं तर माहेरचं बोलली म्हणून काठ्या थांबल्या नसत्या. आसगाव म्हटल्यावरच थांबणार होत्या. भूषणला हे तूच समजावून सांग, मला जमणार नाही. आपली जोडी पुढे असेलही. असली तर मला माफ कर.

ता. क. तिसरा, आणि कामाचा. माझी कीर्ती ऐकून शेजारच्या गावच्या पट कमिटीनं मला पुढल्या महिन्यात पंच म्हणून बोलावलं आहे, आणि यांनी मला न विचारता होकार दिला. त्याआधी ऑपरेशन व्हायलाच पाहिजे. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सोबत माणूस लागतो. यांना नेलं तर बोभाटा होईल, रंजिताला नेलं तर ती यांना सांगेल. एकटी जाऊन पाहिलं. मागल्या सोमवारी बसची पाटी वाचता आली नाही, भंडाऱ्याची म्हणून लाखांदूरच्या गाडीत बसले आणि तिथून तशीच परत आले. कोणाला बोलले नाही. तूच ये. राग गेला नसेल तर तोही सोबत घेऊन ये, नंबर लागेपर्यंत बोलायला काहीतरी पाहिजे.