प्रश्न तीन भागांत आहे

३ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी लिहायची ठरवलं. कारण कॅम्पसवर मला कुणी पूर्ण बोलू देत नाही. इथे माईक काढून घेणारं कुणी नाही.

उत्तन रस्त्यावरच्या विद्यापीठाच्या नव्या कॅम्पसवर दर शनिवारी जाहीर व्याख्यान असतं. 'प्रवेश सर्वांना खुला' असा बोर्ड लावतात. सर्वांत मीही येतो, हे तिथल्या लोकांना अजून पचलेलं नाही. आज पुण्याहून एक बाई आल्या होत्या. विषय, किनाऱ्यावरचे किल्ले. त्या बोलत असताना मी शांत होतो. फक्त एकदा 'पुरावा?' म्हणालो, तेही हळू. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर पहिला हात माझा. नाव मी सांगत नाही. नावाने लोक दबतात. म्हटलं, मी एक जागरूक नागरिक, भाईंदरच्या जेसल पार्कहून आलोय, माझा प्रश्न तीन भागांत आहे. पहिल्या भागाची प्रस्तावना चालू होती, तेवढ्यात इतिहास विभागाचे प्रमुख रेनॉल्ड सर उभे राहिले. "काका, प्रश्न काय आहे?"
म्हटलं, येतोय. रस्त्यात आहे.
माईक काढून घेतला. हे यांचं उच्च शिक्षण.

विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात जन्म गेला माझा. माणूस म्हणायचा, गोडाऊन जळालं. मी म्हणायचो, राख दाखवा. विद्वानांचं तसंच आहे. क्लेम मोठे, राख नाही.

निश्चय: पुढच्या वेळी प्रस्तावना अर्धी करायची.

चहा गार होता. वक्त्या बाईंनी माझ्याशी बोलायचं टाळलं. घाबरल्या.

५ जानेवारी, सोमवार.
नेहाने आज एक विनंती केली. नेहा माझी मुलगी. तिथेच इतिहास शिकवते, पण तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे. कायम जागेची मुलाखत याच महिन्यात आहे. म्हणाली, "बाबा, मुलाखत होईपर्यंत प्रश्न नका ना विचारू. प्लीज."
मी शब्द दिला.

पोरगी धोरणी आहे. शनिवारी आम्ही एकाच घरातून निघतो, पण ती मागच्या बसने येते. हॉलमध्ये लांब बसते, ओळख दाखवत नाही. उद्या जागा मिळाली तर 'वडिलांच्या वजनाने मिळाली' असं कुणी म्हणायला नको. हे मी तिला न सांगता तिला सुचलं. रक्तातच आहे.

सुलूला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. "हो, तेच असेल," म्हणाली. बायको समजूतदार असली की संसार सोपा होतो.

१० जानेवारी, शनिवार.
शब्द पाळला. प्रश्न विचारला नाही. निवेदन केलं.

विषय मिठागरं. वक्ता कोवळा, दाढी ठेवलेला. स्लाईडवर एक शब्द ऱ्हस्व लिहिला होता, तो दीर्घ हवा. तिथून सुरुवात केली. मग विषय आपोआप वाढला. रेनॉल्ड सरांनी परत तेच, "काका, प्रश्न?" म्हटलं, प्रश्न हाच आहे की इथे प्रश्न विचारू दिला जात नाही! यावर टाळ्या. थांबेचनात. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं की परत टाळ्या. शेवटी नाइलाजाने बसलो. पहिल्यांदा या हॉलमध्ये गुणग्राहक माणसं दिसली.

एक मुलगी फोटो काढत होती. माझ्या अवतीभवतीच फिरत होती. मी डावी बाजू दिली. उजव्या बाजूने कान मोठा येतो.

नेहा घरी आल्यावर खोलीत गेली. दमली असेल.

१७ जानेवारी, शनिवार.
आज नेहाचं स्वतःचं व्याख्यान. पहिलंच. विषय, सुकी मासळी विकणाऱ्या बायका आणि त्यांचे बाजार. सुलूही आली होती. तिला पहिल्या रांगेत बसवलं, मी मधल्या वाटेजवळ. माईक तिकडूनच येतो.

बरी बोलली. चांगली बोलली म्हणायला हरकत नाही. उत्तन-पालीच्या बायका आल्या होत्या, त्या मध्येमध्ये हसत होत्या, मान हलवत होत्या. मी विचार केला, आज गप्प बसावं. मग दुसरा विचार आला. मी बाकी सगळ्यांना धारेवर धरतो आणि हिला सोडलं, हे उद्या बाहेर आलं तर? बाप म्हणून पक्षपात केला असं होईल. तिचंच नुकसान.

उभा राहिलो. कागद काढला. आधार कोणते, संदर्भ किती, बायकांच्या आठवणींना पुरावा म्हणता येतं का, असे तीन भाग, प्रत्येकाचे दोन पोटभाग. चूक ती चूक. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही, जे रेनॉल्ड सरांना आजवर जमलेलं नाही. मग म्हणाली, "थँक यू, सर. तुमच्या मुद्द्यांचा मी विचार करेन."
सर! स्वतःच्या बापाला. काय शिस्त!

मासळीवाली एक म्हातारी जाताना मला म्हणाली, "पोरीला बोलू न्हाय दिलंस रं बाबा." अडाणी बाई. संशोधन काय असतं तिला काय माहीत.

२० जानेवारी, मंगळवार.
महत्त्वाचा दिवस.

ती फोटोवाली मुलगी कॅम्पसच्या गेटवर भेटली. (लायब्ररीत बसू देतात का, ते बघायला गेलो होतो. नाही देत.) नाव ॲलिशा, पालीची, मास मीडियाला आहे. पुढच्या महिन्यात तिच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. नाव 'श्रोते'. विचारत होती, तुम्ही आहात त्यात, लावले तर चालतील ना? म्हटलं, किती फोटोंत आहे मी? म्हणाली, "काका, तुमी न्हाय असा एक पन फोटो न्हाय. तुमी न्हाय तर प्रदर्शनच न्हाय."

मी फक्त मान तुकवली. अशा वेळी साधेपणा शोभतो.

ती पुढे म्हणाली, आधी या, बघा, आवडलं न्हाय तर काढते. म्हटलं, बाळ, कलाकारावर मी विश्वास ठेवतो. तिने परत सांगितलं, बघून जा काका. मी परत नाही म्हटलं. जरा चिकट आहे मुलगी, पण नजर आहे.

सुलूला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, बघून तर या." हिला ललित कलांचा गंध नाही.

२२ जानेवारी, गुरुवार.
नेहाची मुलाखत झाली. कशी झाली विचारलं तर म्हणाली, बरी. मी तीन उपप्रश्न विचारले. तिन्हींना 'बरी'.

प्रदर्शनाचं मी तिला सांगितलेलं नाही. सरप्राईज.

२५ जानेवारी, रविवार.
सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं: 'आपल्या सोसायटीतील एका ज्येष्ठ रहिवाशाच्या वैचारिक योगदानावर आधारित छायाचित्र प्रदर्शन. सर्वांनी यावे.' सेक्रेटरी चंदनभाईने अंगठा टाकला. हा माणूस गेली चार वर्षं नोटीस बोर्डावरच्या माझ्या चिठ्ठ्या फाडतोय. पाण्याची टाकी, पार्किंग, जिन्यातल्या चपला, काही लिहा, सकाळी गायब. येऊ दे. बघू दे. बाहेर आपली किंमत काय आहे ते.

नेहाने मेसेज वाचला. पांढरी पडली. "बाबा, हे काय आहे? ॲलिशाचं प्रदर्शन? लोकांना घेऊन नका येऊ." म्हटलं, काळजी करू नकोस, तुझी ओळख मी दाखवणार नाही. ती बराच वेळ आईशी स्वयंपाकघरात बोलत होती. माझ्या शर्टाचा रंग ठरवत असतील.

१ फेब्रुवारी, रविवार.
जाकीट शिवून आलं. पाठीवर घट्ट आहे. श्वास धरून बोलावं लागेल. भाषण तयार. ओळख, आभार, आणि व्याख्यानमाला कशी चालवावी यावर तीन सूचना. रेनॉल्ड सरांना समोर बसवून सांगायचंय.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.
अकरा जण येतायत. चंदनभाई सहकुटुंब. भाईंदर वेस्टला सगळे जमून उत्तनची बस. निघतोय.

७ फेब्रुवारी. दुपारी घरी.
जाकीट काढलं. बटण तुटलं.

क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं शांत होईल.

कॅम्पसच्या व्हरांड्यात फोटो लावले होते, मोठे, काळेपांढरे. मी सगळ्यांना घेऊन पहिल्यासमोर उभा राहिलो. फोटोत किल्ल्यांच्या व्याख्यानाची माणसं. एक आजोबा तोंड उघडं टाकून झोपलेले. एक बाई घड्याळाकडे बघतायत. एका मुलाने कपाळ पुढच्या खुर्चीवर टेकवलंय. सगळ्यात पुढे, कडेला, धूसर असं काहीतरी. चंदनभाई म्हणाला, "सुभाषभाई, इसमें आप किधर हो?" मीही शोधत होतो. सुलूने हळूच बोट दाखवलं. ते धूसर म्हणजे माझा खांदा. चौकडीचा शर्ट.

दुसऱ्यात माझा कान. उजवा. मागे वक्ता ग्लासातलं पाणी संपवून रिकामा ग्लास परत तोंडाला लावतोय. तिसऱ्यात टाळ्या वाजवणारे लोक. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांचे चेहरे असे असतात, हे मला माहीत नव्हतं. दात आवळलेले. एकजण दुसऱ्याला कोपराने ढोसतोय, वाजव, वाजव म्हणून.

चंदनभाई हसायला लागला. त्याची बायको तोंडाला पदर लावून. पुढे बाकीचे. मी मनात ॲलिशाचा समाचार घ्यायला मुद्दे काढत होतो. फोकस चुकलाय, प्रमुख व्यक्ती धूसर आहे, मूलभूत गोष्ट येत नाही. चारचौघांत सोलून काढणार होतो.

मग शेवटचा फोटो. नेहाच्या व्याख्यानाचा.

डाव्या कडेला माझं कोपर आणि कागद. मध्ये पहिल्या रांगेत सुलू. उजवीकडे, वर, माईकपाशी नेहा. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती सुलूकडे बघत होती. आणि सुलूचा हात मांडीवरून जेमतेम वर उचललेला, तळवा पुढे. राहू दे, असा.

मी त्या वेळी दुसऱ्या भागाचा दुसरा पोटभाग वाचत होतो. मला यातलं काही दिसलं नव्हतं.

तेवढ्यात चंदनभाई ओरडला, "अरे सुभाषभाई, ये तो आपकी नेहा बेटी!" रेनॉल्ड सर आणि नेहा मागेच उभे होते. त्यांनी नेहाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नेहा, हे तुझे बाबा?"
नेहा त्या फोटोकडे बघत राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग म्हणाली, "हो सर. बाबा आहेत माझे."
ॲलिशाचा चेहरा पडला. "मिस, मला ठाव न्हवतं. काढू काय हा?"
नेहा म्हणाली, "राहू दे. आईचा छान आलाय."

नंतर रेनॉल्ड सरांनी स्वतःहून माईक माझ्या हातात दिला. म्हणाले, "बोला काका. आज घाई नाही." पहिल्यांदाच. हॉलही नाही, उघडा व्हरांडा, सगळे माझ्याकडे वळलेले. भाषण खिशात. म्हटलं, "मी एक जागरूक..."
माईक मी स्वतः परत दिला.

८ फेब्रुवारी, रविवार.
उजेड चुकीचा होता. व्हरांड्यात फोटो लावायची पद्धत नाही. चंदनभाईने ग्रुपवर माझ्या कानाचा फोटो टाकला. त्याच्याविरुद्ध उपनिबंधकांकडे तक्रार करणार.

सुलूला विचारलं, तो हात तसा का केला होतास? ती म्हणाली, "नेहमीच करते." नेहमी म्हणजे? म्हणाली, नेहा चौथीत असताना शाळेच्या पालकसभेत तुम्ही बाईंना उभं करून विचारत होतात ना, तेव्हापासून. तुम्ही सुरू झालात की ती माझ्याकडे बघते.

पुरावा मागणार होतो. मागितला नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
नेहाची निवड झाली. कायम जागा. रेनॉल्ड सर तिला म्हणाले म्हणे, तू अवघड श्रोता कसा सांभाळतेस ते आम्ही सतरा तारखेलाच पाहिलंय. म्हणजे बघायला गेलं तर यात माझा मोठा

हे वाक्य पुरं करत नाही.

सुलूने शिरा केला. जेवताना नेहा सांगत होती, तेच मासळीबाजाराचं व्याख्यान पुढच्या आठवड्यात वसईच्या एका कॉलेजात आहे. आई येतेय, म्हणाली. कोणती साडी, कितीला निघायचं, दोघींचं ठरत होतं. माझ्या ताटात शिरा तसाच होता.

मी विचारलं, "मी येऊ?"
प्रस्तावना नाही. भाग नाहीत.
नेहाने आईकडे बघितलं. सुलूचा हात ताटातच होता, तिने तो उचलला नाही. नेहा म्हणाली, "बघू, बाबा."

उत्तर अपुरं आहे. पूरक प्रश्न विचारला नाही.