तहकूब सभा

१० ऑगस्ट
डोकं फिरलंय नुसतं. सकाळी शीतल अन् मी गायरानात पळायला गेलो तर आमच्या ट्रॅकवर आडवी चुन्याची रेघ अन् खुंट्या. सोलर येणार म्हणे. एवढं गायरान पडलंय, तिकडं बाभळी अन् कुसळं, ते नको. ओढ्याकडची सपाट पट्टीच पाहिजे यांना. सपाट का आहे ती? आम्ही पोरींनी अख्खा उन्हाळा घमेल्यानं दगड वेचले म्हणून.

शीतलनं एक खुंटी उपटली, परत ठोकून ठेवली. तिच्या वडिलांनी, नानांनी, तिला ही एकच पोलीस भरती दिलीय. झाली तर झाली, नाहीतर पाहुणे बघायचे. आठशे मीटरला अगदी थोडक्यात राहते ती. मैदान गेलं की शीतल गेली. दुसरं काही नाही.

११ ऑगस्ट
ग्रामपंचायतीत गेले. सरपंच आबा खुर्चीत, ग्रामसेवक भाऊसाहेब मोबाईलमध्ये. म्हटलं, सोलर करा, आमची ना नाही, ओढ्याकडची पट्टी तेवढी सोडा. आबा हसले. "पंधरा ऑगस्टला ग्रामसभा हाय, विषय तिथं घेतलाय. मांड की. कोन न्हाई म्हनतंय?" वर भाऊसाहेबांकडं बघून, "शिकलेल्या पोरी गावात पायजेतच, न्हाई का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. यांना चांगलं ठाऊक आहे, सभेला काळं कुत्रं येत नाही. मारुतीच्या मंडपात सतरंजी टाकतात, आबांची टाळकी चहा पितात, झाली सभा. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो अन् लोक दारात उभ्या उभ्या सह्या ठोकतात. आमच्या आईची पण सही असते. ती त्या मंडपात सभेला बसलेली मी जन्मात पाहिली नाही.

१२ ऑगस्ट
सुचलं! शंभर माणूस नसलं तर ग्रामसभा होतच नाही. गणपूर्ती. शाळेत नागरिकशास्त्राला पैकीच्या पैकी होते मला, उगाच नाही. मग येऊच द्यायचं नाही कोणाला. शिपाई दारात आला तर सही नाही. बस. ठराव कसा करतात बघू.

पप्या (चुलतभाऊ, पण कामाचा) म्हणाला, "त्यापेक्षा आपलीच मानसं नेऊ की. सभेत बोलू." म्हटलं, गप रे, उठून बोलणार कोण, तू? मी तरी कुठं उठले असते. भर मंडपात, सगळ्या बाप्यांपुढं...

१३ ऑगस्ट
घरोघर फिरलो. लोक लगेच तयार! "येऊ नका" म्हणल्यावर कोणाला काय जड जातंय. एक म्हातारी म्हणाली, "आगं आमी कवा गेल्तो, आता न जायाला?" शीतल लई दिवसांनी हसली.

अण्णा जेवताना म्हणाले, "सोलर आलं तर दिवसा लाईट मिळंल." मी म्हटलं, अण्णा, सोलर येऊ द्या हो, पट्टीचं बोलतेय मी. "बरं, न्हाई जात सभेला." झालं. वडील असावेत तर असे.

१५ ऑगस्ट
जिंकलो!!! झेंडावंदन झालं, पोरांना जिलबी वाटली अन् सगळं गाव आपापल्या घरी. मंडपात आबा, भाऊसाहेब अन् मोकळी सतरंजी. शिपाई फिरला, बहुतेक दारांतून हात हलवत माघारी. सभा तहकूब. पुढची तारीख २२. घ्या की परत! शंभर माणूस परत कुठून आणणार?

आबांचं तोंड मात्र जसं पडायला पाहिजे होतं तसं पडलं नाही. मेला माज आहे.

२२ ऑगस्ट
आज आम्ही मुद्दाम सभेकडं फिरकलोच नाही. आपल्यामुळं गणपूर्तीत भर नको म्हणून. गायरानात गोळाफेक करत बसलो. हुशार!

पप्या पळत आला. ठराव झाला. चहा यायच्या आत. मी तशीच मातीच्या हातानं पंचायतीत. भाऊसाहेब, शंभर माणूस होतं का? मान वर न करता म्हणाले, "तहकूब सभेला कोरम लागत नाही, ताई. नियमच आहे तसा. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारलं असतं तर!! आग लागो त्या पैकीच्या पैकी मार्कांना. सरांनी घोकून घेतलं, ग्रामसभा म्हणजे गावाची संसद, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. ही एक ओळ नाही शिकवली कोणी. आणि एकदा तरी नेऊन बसवायचं होतं ना आम्हाला त्या सतरंजीवर!

आणि मी. आख्ख्या गावाला मीच सांगितलं, येऊ नका. आबांना बोटसुद्धा हलवावं लागलं नाही.

२२, संध्याकाळ
हात वर करणारांत अण्णा होते.

पप्याला माहीत होतं, सांगत नव्हता. मी अंगणात जाऊन ओरडलेच. शेजारपाजार ऐकू दे. "तुमी म्हनला हुतात न्हाई जात!"

"ती पंधरा तारखेची. आजचं काय म्हनली न्हवतीस." मग बैलाला वैरण टाकत म्हणाले, "मोटरला रातची लाईट आसती. पिकाला पानी द्यायला, दारं धरायला मी जातो रानात, तू न्हाई. मागच्या साली पायाजवळनं साप गेला. मला दिवसा लाईट नको व्हय?"

म्हटलं, पण पट्टी सोडूनही सोलर होतंय, अण्णा! जागा काय कमी आहे?

"मग हे सभंत बोलायला पायजे हुतं ना कुनीतरी. तिथं कुनीच बोललं न्हाई."

जेवले नाही. बोलणार पण नाही यांच्याशी.

३० ऑगस्ट
तारेचं कुंपण वरच्या अंगानं सुरू झालं. पट्टीपर्यंत अजून आलेलं नाही. शीतल डांबरीवर पळतेय, मुरमाचे हायवा ट्रक अंगावरून जातात, धुळीनं खोकत येते. तिला काय तोंड दाखवू? रागवत पण नाही बया. रागवली असती तर बरं वाटलं असतं.

६ सप्टेंबर
कर्जतला पंचायत समितीत गेलो, पप्या अन् मी. या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी एक बाई नीट बोलल्या. "ठराव गावानं केलाय, बदलायचा तर गावातच बदला. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. पट्टी वगळा असा विषय आधी लेखी द्या, पोच घ्या." परत येऊन ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पोच घेतली. भाऊसाहेबांना शिक्का सापडत नव्हता. बसून राहिलो दारात. सापडला.

१४ सप्टेंबर
परत घरोघर. या वेळी "या" म्हणून. आणि काय ऐकून घ्यावं लागतंय!
"तूच म्हनलीस ना येऊ नका?"
"एकदा ठरव बाई काय ते."
"शिपायाला पाठव, सही देतो."
सही नकोय मला तुमची, बूड पाहिजे सतरंजीवर! असं म्हणाले एकाला. आई म्हणते जीभ आवर.

२५ सप्टेंबर
आता मैदान राहत नाही म्हणून नानांनी पाहुण्यांना होकार कळवलाय, बघायला या म्हणून. शीतल घरी एवढंच म्हणाली, "दोन तारखेपातुर थांबा." नाना थांबलेत. कुंपण पट्टीच्या अलीकडं आलंय.

१ ऑक्टोबर
आज महिला सभा. आई आली! डोक्यावर पदर, खांबाला टेकून बसली. शीतलनं विषय वाचला, आवाज चिरकत होता, पण वाचला. बाया "व्हय, व्हय" म्हणाल्या. उद्या बाप्यांपुढं म्हणतील का, देव जाणे. उद्या मी बोलणार आहे. कागदावर चार ओळी लिहिल्यात, तिसऱ्यांदा वाचतेय.

२ ऑक्टोबर, सकाळ
सभा दहाला. अण्णांशी त्या दिवसापासून बोलले नाही. आज ते धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसलेत, टोपी झटकतायत.

"कुठं?" मीच विचारलं.
"सभंला."
"हात कुनासाठी वर करनार?"
"आधी बोल तर. ऐकू तरी दे."

चप्पल घालतायत. निघते.